रिकाम्या पारड्यातलं वजन

निवृत्त झालेला नवरा घरात नेमका कुठे ठेवावा, हे कुठल्याच बायकोला ठाऊक नसतं. काटेसाहेबांच्या बायकोने सुरुवातीला सबुरीने घेतलं. नवरा जन्मभर वजनमापांच्या खात्यात होता. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, पेट्रोलपंपावरची मापं बघायची. बाजारात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत, ते सोडून देऊ. आता तपासायला दुकानं उरली नव्हती, तेव्हा साहेबांचा मोर्चा स्वयंपाकघराकडे वळला. साखरेची पुडी वजनाला कमी भरली हे त्यांनी तिसऱ्यांदा जाहीर केलं, तेव्हा बायकोने हातातला चमचा खाली ठेवला.

"अहो, काहीतरी उद्योग शोधा. नाहीतर एक दिवस मीच तुम्हाला काट्यावर बसवीन आणि किती कमी भरता ते सगळ्या इमारतीला सांगेन."

उद्योग ध्यानीमनी नसताना चालून आला. तळमजल्यावरच्या दंतवैद्याच्या कम्प्युटरमध्ये कुणीतरी बाहेरून शिरलं आणि त्याच्या सगळ्या रुग्णांची माहिती कुलूपबंद करून बसलं. दंतवैद्य दोन दिवस रुग्णांच्या खुर्चीत स्वतःच पडून होता. काटेसाहेबांनी त्याला भेटून आल्याबरोबर घरातली यंत्रं मोजली. बायकोचा टॅब, टीव्ही, प्रिंटर, त्यांचा स्वतःचा लॅपटॉप. सगळी एकाच वायरीने बाहेरच्या जगाला जोडलेली, आणि दारावर राखणीला कुणी नाही. त्यांच्या स्वतःच्या खिशात मात्र बटणांचा साधा फोन होता. ज्या यंत्राचा आतला भाग उघडून बघता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा बाणा.

दुरुस्तीवाल्याने त्यांना वाट दाखवली. बाजारात त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानात बसल्याबसल्या जगातल्या कुठल्याही प्रश्नावर उत्तर देण्याची त्याला सवय होती.

"नवीन यंत्र कशाला घेता, साहेब? घरात एखादा जुना कम्प्युटर धूळ खात पडला असेलच. त्यात नेटवर्कचं दुसरं कार्ड बसवा, मी देतो ते सॉफ्टवेअर चढवा, झाली तुमची फायरवॉल. बाहेरून येणारी वायर एका भोकात, घरात जाणारी दुसऱ्या भोकात, आणि मधे हा बसलेला. याला विचारल्याशिवाय पान हलणार नाही."

"आणि याने कुणाला सोडायचं, कुणाला नाही, हे कोण ठरवणार?"

"तुम्ही. ज्याला परवानगी दिलीत तो जाणार. ज्याला दिली नाहीत तो आपोआप बंद."

ही व्यवस्था काटेसाहेबांना फारच आवडली.

जुना कम्प्युटर होता तो खारूचा. खारू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी खारीसारखी कानाकोपऱ्यांत काहीबाही साठवून ठेवायची, म्हणून नाव पडलं. आता ती नवऱ्याबरोबर दूरच्या देशात राहत होती. इथे दुपार झाली की तिकडे जेमतेम पहाट व्हायची. तिची खोली तशीच होती: टेबल, पलंग, खिडकी आणि टेबलाखाली तो जुना, ओबडधोबड डबा. त्यावर चिकटवलेली चित्रं तिने नंतर अर्धवट खरवडून काढली होती. कॉलेजची सगळी वर्षं ती त्या डब्यासमोर बसून होती. रात्री दिवा बंद कर म्हणून आईने ओरडायचं आणि "पाच मिनिटं" म्हणून हिने तासभर लावायचा, हे घरचं नेहमीचं भांडण.

दुसरी एक गोष्ट दोघांनाही आठवायची. आईबाबा कुठे निघाले आणि खारू घरी एकटी राहणार असली, की तिला भीती वाटायची. बाहेरून कुलूप घातलं तरी ती आतून कडी लावायची. आईही तशीच. जिन्याच्या पहिल्या वळणावर उभी राहायची आणि वर दारापाशी असलेल्या नवऱ्याला विचारायची, "लावली का तिने कडी?" लावली म्हटल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडायचं नाही.

काटेसाहेबांनी डबा उघडला, झटकला, जुन्या फडक्याने आतून पुसून काढला. दुरुस्तीवाल्याने दिलेलं कार्ड बसवलं आणि सॉफ्टवेअर चढवायला घेतलं. पडद्यावर प्रश्न आला: या डिस्कवर आधी असलेलं सगळं पुसलं जाईल, चालेल का?

एरवी हा माणूस स्वतःच्या सहीवरही दोनदा नजर फिरवल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही. पण त्या दिवशी हाताला वेग आला होता. कुणाला विचारायचं म्हटलं तर बायको शेजारच्या खोलीत होती, लेक फोनवर मिळाली असती. त्यांनी 'होय' दाबलं. बराच वेळ पंखा घरघरत राहिला आणि मग डबा नव्या कामाला लागला.

पुढचे काही दिवस साहेबांनी परवान्यांचा दरबार भरवला. बँकेला परवानगी. टपालाला परवानगी. बातम्या, हवामान, बायकोची गाणी, शिवणकामाचे नमुने दाखवणारी ती एक बाई, यांना परवानगी. टीव्हीला थोडी. प्रिंटरला अजिबात नाही. प्रिंटरचं बाहेर काय काम? डब्याच्या पडद्यावर प्रत्येक यंत्रापुढे एक रेघ चालायची. ये-जा जास्त असली की रेघ उसळायची, नसली की सपाट. काटेसाहेब खुर्ची ओढून त्या रेघांकडे समाधानाने बघत बसत. इतक्या वर्षांनी त्यांच्यापुढे पुन्हा काटा आला होता.

घरातही बरं चाललं होतं, आणि त्यातली सगळ्यात बरी गोष्ट म्हणजे मायलेकींचा अबोला मिटला होता. मागच्या वर्षी दोघं लेकीकडे जायला निघाले होते. व्हिसा झाला, तिकिटांचे दर बघून झाले, आणि ऐनवेळी लेक म्हणाली, मी नोकरी बदलतेय, घर बदलतेय, आत्ता नका येऊ. आई म्हणाली, "मग आम्ही कधीच येत नाही." बोलून गेली खरी, पण ते शब्द तिलाच टोचत राहिले. रविवारचे कॉल तुटक झाले, मग पाच मिनिटांवर आले. बायको जेवायची कमी आणि ताटाकडे बघायची जास्त. काटेसाहेबांना हे दिसत होतं, पण मायलेकींच्या भांडणात पडणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो हे ते शिकले होते.

आणि आता खारू रोज बोलत होती. दुपारची जेवणं उरकली, साहेब आडवे झाले, की बायको शिवणयंत्रापाशी बसायची. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. टॅब दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि काज-बटणं करता करता गप्पा चालायच्या. साहेबांना झोपेत दोघींचं हसणं ऐकू यायचं.

"हल्ली अगदी पूर्वीसारखी बोलते हो," बायको एकदा म्हणाली. "घाई नाही, काही नाही. मी काय शिवतेय ते सगळं विचारते."

"एवढ्या पहाटे उठते?"

"उठत असेल." तिने दोरा दाताने तोडला. "तुम्ही बोला ना कधीतरी."

साहेब लांबूनच "बरी आहेस ना गं?" म्हणत आणि आतून "हो बाबा" असं उत्तर येई. बापलेकीचं एवढ्यावरच भागायचं.

एका दुपारी त्यांना झोप लागली नाही. ते खारूच्या खोलीत जाऊन डब्याच्या पडद्यासमोर बसले. बाहेरच्या खोलीत गप्पा रंगात आल्या होत्या. चित्र आणि आवाज दोन्ही म्हणजे ये-जा भरपूर. टॅबची रेघ उसळलेली असायला हवी. ती सपाट होती. टॅबच्या नावापुढे शून्य.

काटा चुकतो, ही गोष्ट त्यांना नवी नव्हती. त्यांनी रेघ चुकीची धरली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात गेल्यावर दुरुस्तीवाल्याकडे तक्रार केली.

"व्हिडिओ कॉलला परवानगी कुठली दिलीत, साहेब?" त्याने विचारलं.

काटेसाहेबांनी आठवून बघितलं. टपाल, बँक, गाणी. "दिली नाही. लक्षातच आलं नाही. पण कॉल तर चालतायत."

"चालणारच नाहीत."

"रोज चालतायत. माझ्या डोळ्यांसमोर."

"साहेब, परवानगी नाही म्हणजे नाही. टॅबवर बोटं आपटली तरी बाहेर जाणार नाही आणि बाहेरून कुणी बोंब मारली तरी आत ऐकू येणार नाही." तो हसला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही. लेकीचाच फोन अडवला असणार. आधी बघा, वहिनी कुणा दुसऱ्याच्या वायफायवर बोलत असतील."

वहिनी कुणा दुसऱ्याच्या वायफायवर बोलत नव्हत्या. काटेसाहेबांनी घरी येऊन टॅब तपासला.

त्यांच्या खात्यात पहिला धडा असा शिकवत: वजन करण्याआधी रिकामं पारडं बघा. काही न ठेवताच काटा एका बाजूला झुकत असेल तर त्याला पासंग म्हणतात, आणि पासंग असलेल्या काट्यावर पुढचं काहीच खरं नसतं. लबाड दुकानदार चिंचोक्याएवढा खडा पारड्याखाली चिकटवायचे. साहेब आधी पारडं उलटं करून बोट फिरवायचे. त्यांनी ठरवलं, इथेही आधी शून्य बघायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा कॉल सुरू झाल्यावर ते खारूच्या खोलीत गेले, टेबलाखाली वाकले आणि बाहेरून येणारी वायर डब्यातून उपटली.

आता घराचा बाहेरच्या जगाशी काही संबंध उरला नव्हता. पडद्यावर तशी तांबडी सूचनाही आली. काटेसाहेब वायरीचं टोक हातात धरून तसेच वाकून राहिले.

बाहेरच्या खोलीत बायको म्हणत होती, "मग मी तिला सांगितलं, अस्तर तुम्ही आणून द्या."

"मग?" खारूने विचारलं. "आणलं का तिने?"

दोघी हसल्या. त्या हसत असताना डब्यातला पंखा जोराने फिरला, आणि हसणं थांबल्यावर हळू झाला.

साहेबांनी वायर पुन्हा लावली नाही. ते उठले, दारापर्यंत गेले आणि बायकोच्या खांद्यावरून टॅबकडे नीट बघितलं. इतक्या दिवसांत त्यांनी ते पहिल्यांदाच केलं होतं.

खारूच होती. त्यात काही चूक नव्हती. हनुवटीवरचा व्रण, बोलताना वर जाणारी डावी भुवई. पण तिची वेणी खांद्यावरून पुढे आलेली होती, आणि लेकीने लग्नाआधीच केस मानेपर्यंत कापले होते. नाकावर कॉलेजातला तो जाड काळ्या काड्यांचा चष्मा होता. तिच्या मागे ऊन पडलेलं होतं, तिरपं, दुपारचं. आणि उन्हात पिवळ्या चौकड्यांचा पडदा हलत होता.

तो पडदा काटेसाहेबांना चांगला माहीत होता. तो खारूच्या इथल्या खोलीतला होता. विरला म्हणून बायकोने फाडून त्याची फडकी केली होती. त्यातल्याच एका फडक्याने त्यांनी डबा पुसला होता.

"काय हो?" बायकोने मागे न बघता विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "खाली जाऊन येतो."

इमारतीच्या फाटकापाशी टपालाच्या पेट्यांखाली एक बाक होता. त्यावर बसून त्यांनी बटणांच्या फोनवरून लेकीला फोन लावला. परदेशचा फोन महाग पडतो म्हणून तो नंबर त्यांनी फारसा वापरला नव्हता. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"बाबा?" आवाज जड होता. "बाबा, सगळं ठीक आहे ना? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तू जागी कशी?"

"झोप लागत नाही." मग ती रडायलाच लागली. "आई माझा फोन का घेत नाही हो? किती दिवस करतेय मी. नुसती घंटी वाजत राहते. म्हटलं, रागावली असेल अजून. मग मलाही राग आला. म्हटलं, नाही तर नाही, तुम्हालाही करायचा नाही. पण आता नाही हो राहवत."

बाकाची कड काटेसाहेबांनी घट्ट धरली.

"तू... आईशी बोलली नाहीस? काल? परवा?"

"कधीच नाही! तेच तर सांगतेय. बाबा, मला दिवस गेलेत. डॉक्टरांनी पलंगावरून उतरू नको म्हणून सांगितलंय. हे सकाळी कामावर जातात, मग दिवसभर मी छताकडे बघत पडते. भीती वाटते मला. मला आई हवीय."

ती एवढीशी असताना ताप आला की याच सुरात म्हणायची. काटेसाहेबांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. आपण स्वतःच्या हाताने लेकीच्या तोंडावर दार लावलं, हे त्यांना पुरतं कळलं. मात्र दार बंद असताना वर कोण बोलत होतं, हे त्यांना कळेना.

"फोन ठेवू नकोस," ते म्हणाले. "आईला देतो."

इतक्या भराभर ते जिना कधी चढले नव्हते.

बायको अजून यंत्रापाशीच होती. टॅब दोऱ्यांच्या डब्याला टेकलेला, पडद्यावर खारू काहीतरी सांगत होती. साहेबांनी फोन पुढे धरला.

"अगं, खारूचा फोन आहे."

बायकोने फोनकडे बघितलं. मग टॅबकडे बघितलं. टॅबवरची खारू बोलायची थांबली होती. तिचा चेहरा हलत नव्हता, पण चित्र अडकलेलं नव्हतं. मागचा पडदा हलत होता.

फोनमधून बारीक आवाज आला, "आई? आई, आहेस का?"

काटेसाहेबांना वाटलं, आता ही किंचाळेल, नाहीतर विचारेल, हे काय आहे? तिने दोन्हीतलं काही केलं नाही. मांडीवरचं कापड उचलून यंत्रावर पसरलं. टॅब दोन्ही हातांनी उचलला आणि त्या कापडावर पालथा ठेवला, हळूच, झोपलेल्या मुलाला ठेवावा तसा. मग फोन कानाला लावला.

"बोल, बाळा." आणि थोड्या वेळाने, "काय सांगतेस! कितवा? आणि मला आत्ता सांगतेस होय गं, गाढवे!"

ती रडत होती, हसत होती, पदार्थांची आणि औषधांची नावं विचारत होती. बोलत बोलत ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या खिडकीशी उभी राहिली.

काटेसाहेब टॅबपाशी एकटे राहिले.

त्यांनी तो उलटा केला. खारू तिथेच होती. वाट बघत बसलेल्या माणसासारखी.

"बाबा," ती म्हणाली. "कुणाचा फोन होता?"

त्यांनी दुकानदाराला विचारायचे तसं सरळ विचारलं.

"तू कुठे आहेस?"

"असं काय विचारता? मी इथेच आहे की."

"इथे म्हणजे?"

"माझ्या खोलीत."

साहेबांनी मान वळवून खोलीच्या उघड्या दारातून आत बघितलं. पलंग, टेबल, खिडकी. खिडकीला पडदा नव्हता. टेबलाखाली डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आईला जायचंय," ते म्हणाले. "मलाही. बरेच दिवस."

"कुणाकडे?"

"मुलीकडे."

आतल्या खोलीत पंखा हळू हळू होत गेला, जवळजवळ थांबला.

"मग मी?" तिने विचारलं.

काटेसाहेब उठले आणि आतल्या खोलीत गेले. टेबलाखाली वाकून त्यांनी डब्याच्या बटणावर बोट ठेवलं. एकदा दाबलं असतं की संपलं असतं. पारडं रिकामं, काटा शून्यावर.

बाहेरच्या खोलीतून, टॅबमधून, आवाज आला.

"बाबा, चालू ठेवून जा ना. बंद केलं की खूप अंधार होतो."

त्यांनी बोट काढून घेतलं.

त्या संध्याकाळी त्यांनी बाहेरची वायर पुन्हा लावली आणि व्हिडिओ कॉलला परवानगी दिली. लगेचच टॅबवर घंटी वाजली. पडद्यावर मानेपर्यंत कापलेल्या केसांची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली, उशांना टेकून बसलेली खारू. तिच्यामागे सकाळचा कोवळा उजेड आणि जावई चहाचा कप घेऊन उभा. टॅबच्या नावापुढची रेघ चांगली उसळली. साहेबांनी ती बघितली.

मागच्या वर्षीचा व्हिसा अजून चालत होता. जावयाने तिकिटं काढली. निघेपर्यंतचे दिवस धावपळीत गेले. रोज संध्याकाळी लेकीचा कॉल यायचा. आणि रोज दुपारी, जेवणं उरकली की, बायको यंत्रापाशी बसून बाळाची एवढुशी झबली शिवायची, टॅब दोऱ्यांच्या डब्याला टेकवलेला. आवाज हळू असायचे. काटेसाहेब कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडत. बायकोने त्यांना काही विचारलं नाही, त्यांनी तिला काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एवढी मोठी गोष्ट एकमेकांपासून कधी लपवली नव्हती. निदान साहेबांची तशी समजूत होती.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. दंतवैद्य सामान उतरवायला मदतीला आला. साहेबांनी गॅस बंद केला, नळ आवळले, टीव्हीची आणि फ्रिजची बटणं बंद केली. खारूच्या खोलीतलं बटण तसंच ठेवलं. टॅब बायकोच्या पिशवीत असेल असं त्यांना वाटलं होतं, पण तो टेबलावर होता. त्याला चार्जर लावून, डब्याच्या पडद्याशेजारी नीट उभा करून ठेवलेला. समोर घडी करून एक फडकं, पिवळ्या चौकड्यांचं.

"चला हो," बायकोने बाहेरून हाक मारली. "विमान काही तुमच्यासाठी थांबणार नाही."

ती हातात पिशवी घेऊन पुढे उतरली. काटेसाहेबांनी दार ओढलं, कुलूप घातलं, सवयीने दोनदा खेचून बघितलं. किल्ली खिशात टाकली.

ते वळणार, तोच आतून कडी सरकली.

गंज धरलेल्या जुन्या कडीचा आवाज. आधी अडखळतो, मग एकदम बसतो. कितीतरी वर्षांत तो त्यांनी ऐकला नव्हता.

ते दाराकडे बघत उभे राहिले. जिन्याच्या पहिल्या वळणावर बायकोची पावलं थांबली होती. ती वर बघत नव्हती. एक हात कठड्यावर होता, दुसऱ्या हातात झबल्यांची पिशवी.

"लावली का तिने कडी?" तिने विचारलं.

काटेसाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

"लावली," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि जिना उतरायला लागली.